फॉर्म तुमचा, नंबर कुणाचा?

(निफाड इथे कॉलेजच्या विद्यार्थ्यांसमोर केलेलं भाषण)



संयोजकांनी मला दिलेला विषय लांबलचक आहे: उपयोगी सॉफ्टवेअर, ब्राउझरच्या अडचणी आणि रोजच्या जगण्यात स्वतःला सुधारण्याचे उपाय. यावर तीन दिवसांचं शिबिर घेता येईल. माझ्याकडे पाऊण तास आहे आणि मागच्या रांगेचं लक्ष आत्ताच बाहेरच्या चहाकडे लागलंय. तेव्हा मी एकच धागा धरतो, ऑनलाइन फॉर्मचा. दहावी झाली की तुमचं अर्धं नशीब फॉर्ममधून जातं. प्रवेशाचा फॉर्म, शिष्यवृत्तीचा फॉर्म, जातीच्या दाखल्याचा, उत्पन्नाच्या दाखल्याचा, पोलीस भरतीचा. न्यायमूर्ती रानडे याच निफाडात १८४२ साली जन्मले आणि मुंबई विद्यापीठाच्या अगदी पहिल्या पदवीधरांपैकी एक झाले. त्यांना ओटीपी आला नाही म्हणून थांबावं लागलं नव्हतं. तुम्हाला लागतं.

मागच्या वर्षी लासलगावकडच्या एका मुलीचा फोन आला. 'भाई, वर्गातल्या सगळ्यांची स्कॉलरशिप जमा झाली, माझी नाही.' मी म्हटलं, लॉगिन करून बघ काय दिसतंय. तर युजरनेम आणि पासवर्ड कॅफेवाल्याच्या वहीत. ओटीपी कुठे येतो? कॅफेवाल्याच्या मोबाइलवर. ईमेल कुणाचा? त्याचाच. आणि कॅफेवाला दुकान बंद करून दुसऱ्या तालुक्यात गेलेला. दहा दिवस शोधाशोध झाली, ओळखीतून त्याचा नवा नंबर मिळाला, त्याने बिचाऱ्याने लगेच ओटीपी सांगितलाही. आत जाऊन पाहिलं तर अर्ज चार महिन्यांपासून 'परत पाठवला' असा पडून होता. कारण लिहिलं होतं: उत्पन्नाच्या दाखल्याची प्रत अस्पष्ट. म्हणजे पुन्हा एक नीट फोटो काढून चढवायचा, एवढंच काम. पण मुदत संपली होती. त्या वर्षाचे पैसे गेले. फी मामाने भरली, आणि 'मुलीला शिकवून काय मिळतं' हे घरात पुन्हा एकदा बोललं गेलं. मला पैशांपेक्षा ते वाक्य जास्त लागलं.

यात कॅफेवाल्याला शिव्या देण्यात अर्थ नाही. शेवटच्या तारखेला त्याच्या दारात पन्नास मुलं उभी असतात. प्रत्येकाकडून ओटीपी विचारत बसला तर दहा फॉर्मही होणार नाहीत. म्हणून तो स्वतःचा नंबर टाकतो आणि पटापट पुढे जातो. त्याच्या सोयीने त्याचं बरोबर आहे. तुमच्या सोयीचं तुम्ही बघायचं. फॉर्म त्याच्याकडून भरून घ्या, पण नंबर तुमचा, ईमेल तुमचा आणि पासवर्ड तुम्ही स्वतः टाइप केलेला. एवढं म्हणायला संकोच वाटत असेल तर आजपासून सोडा.

नंबरचंही एक आहे. ऑफर आली म्हणून दर सहा महिन्यांनी सिम बदलणारे इथे किती आहेत? हात वर करू नका, मला दिसतंय. रिचार्ज न करता पडून राहिलेला नंबर कंपनी बंद करते आणि पुढे दुसऱ्याला देते. मग तुमच्या बँकेचे, आधारचे, शिष्यवृत्तीचे ओटीपी अनोळखी माणसाच्या खिशात. आधारला जोडलेला नंबर घरातल्या एखाद्या वस्तूसारखा जपा. नंबर बदलायचाच असेल तर क्रम असा: आधी आधार केंद्रावर आणि बँकेत नवा नंबर नोंदवा, मग जुना सोडा. उलटं केलंत तर दोन्हीकडे खेटे घालाल.

पासवर्डसाठी ब्राउझरमध्येच साठवायची सोय असते. स्वतःच्या फोनवर ती वापरायला हरकत नाही, फोनला मात्र कुलूप हवं. थोडं पुढे जायचं असेल तर बिटवॉर्डन किंवा कीपास बघा, दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत आणि फुकट वापरता येतात. आणि घरी पेटीत ठेवलेल्या वहीत लिहिलंत तरी चालेल, मी हसणार नाही. वही इंटरनेटवरून चोरता येत नाही. कॅफेच्या संगणकावर मात्र 'पासवर्ड जतन करायचा का?' असं विचारलं की 'नाही' दाबायचं, दरवेळी.

आता ब्राउझर. 'साइट चालत नाही' हे वाक्य मी वर्षातून शंभर वेळा ऐकतो. त्यातल्या बऱ्याच वेळा साइट चालत असते, तुमच्या समोरचा ब्राउझर अडलेला असतो. तो का अडतो हे एकदा कळलं की घाबरायला होत नाही.

मार्केट यार्डात कांद्याचा ट्रॅक्टर आत घेताना गेटवर नोंद होते, पावती मिळते. आत कुठेही विचारलं की ती पावती दाखवायची. लॉगिन केल्यावर साइट तुमच्या ब्राउझरला अशीच एक पावती देते, तिला कुकी म्हणतात. पुढचं प्रत्येक पान उघडताना ब्राउझर ती दाखवतो. कालची पावती आज दाखवली तर गेटवाला आत घेईल का? साइटही घेत नाही. मग तुम्ही बरोबर पासवर्ड टाकता आणि ती पुन्हा पुन्हा लॉगिनच्या पानावर आणून सोडते. दुसरी गोष्ट कॅशे. पान लवकर उघडावं म्हणून ब्राउझर साइटचा काही माल स्वतःकडे साठवून ठेवतो. साइट बदलली आणि साठा जुना राहिला, की बटण दिसतं पण दाबून काही होत नाही.

म्हणून अडलं की पहिलं काम: कंट्रोल, शिफ्ट आणि आर या तीन कळा एकत्र दाबा. यात ब्राउझर साठ्यातला माल बाजूला ठेवून सगळं नव्याने मागवतो. नाही जमलं तर तीच साइट इनकॉग्निटो खिडकीत उघडा. लोकांना वाटतं ती खिडकी लपूनछपून काही बघण्यासाठी असते. माझ्या कामात ती निदानाची सुई आहे. तिथे जुनी पावती नसते आणि एक्स्टेन्शन्सही साधारणपणे बंद असतात. इनकॉग्निटोत साइट चालली, तर दोष कुकीचा, साठ्याचा किंवा एखाद्या एक्स्टेन्शनचा. तिथेही नाही चालली, तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बघा. हॉटस्पॉटवर चालली तर दोष वायफायचा. कुठेच चालली नाही, तर दोष बहुधा त्यांच्या सर्व्हरचा. मग जेवून घ्या आणि रात्री अकरानंतर किंवा पहाटे बघा. फजरला उठणाऱ्यांना इथे थोडा फायदा आहे; त्या वेळी सर्व्हरही मोकळा असतो आणि डोकंही. पहाटे पाचला उठा म्हणून इंग्रजी पुस्तकं विकली जातात, आपल्या दादीने ते फुकट शिकवलं होतं.

कुकी साफ करायची म्हणून सगळ्या साइट्सचा सगळा साठा उडवू नका. तसं केलं की प्रत्येक ठिकाणी पुन्हा लॉगिन करत बसावं लागतं. पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोकाला एक छोटं चिन्ह असतं, ते दाबून फक्त त्या साइटचा डेटा काढता येतो.

काही दुखणी फॉर्मची खास असतात. पावती छापायचं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही? पावती नव्या खिडकीत उघडायची होती आणि ब्राउझरने ती जाहिरात समजून अडवली. पट्टीच्या उजवीकडे बारीक खूण दिसते, तिथे त्या साइटपुरती परवानगी द्या. फॉर्म इंग्रजीत आहे म्हणून क्रोमला 'मराठीत भाषांतर करा' म्हटलंत? वाचायला ठीक आहे, पण भरताना बंद करा. भाषांतर करताना ब्राउझर पानाच्या आतला मजकूर बदलतो, आणि काही साइट्सच्या याद्या आणि बटणं त्यामुळे मोडतात. तीच साइट दोन टॅबमध्ये उघडून एकात भावाचा आणि दुसऱ्यात स्वतःचा फॉर्म भरायचा नाही. पावती शेवटच्या लॉगिनची चालते, आणि मग बहिणीच्या फॉर्मवर भावाची मार्कशीट चढते. हसू नका, असे फॉर्म मी निस्तरले आहेत.

'युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' असं लाल पान आलं तर आधी घड्याळ बघा. खरंच. संगणकाच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवर बटणासारखा एक सेल असतो. तो संपला की संगणक बंद करून चालू केल्यावर तारीख दहा-पंधरा वर्षं मागे जाते. साइटच्या सुरक्षिततेच्या प्रमाणपत्रावर 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध' असं असतं. तुमचा संगणक २०१० सालात बसला असेल तर त्याच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच नाही. तारीख दुरुस्त केली की पान उघडतं. तारीख बरोबर असूनही ते पान येत असेल, तर मात्र 'तरीही पुढे जा' दाबून तिथे बँकेचे तपशील भरायचे नाहीत.

एखाद्या संस्थेच्या लॅबमध्ये अजून विंडोज ७ असेल, तर त्यावर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत आलेल्या ११० पासून क्रोमने ते सोडून दिलं. त्या यंत्रावर तुम्ही कितीही साठा साफ केला तरी नव्या साइट्स अडणार. तिथे वेळ घालवू नका, फोनवर भरा. फोनच्या ब्राउझरमध्ये 'डेस्कटॉप साइट' अशी सोय आहे, ती लावली की बहुतेक फॉर्म नीट दिसतात.

आणि पैसे कापले गेले पण फॉर्मवर 'पेमेंट पेंडिंग' दिसतंय, तेव्हा लगेच पुन्हा पैसे भरायचे नाहीत. यूपीआयच्या व्यवहाराला बारा आकडी क्रमांक असतो, तो लिहून घ्या, तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट काढा, थांबा. बरेचदा काही तासांत दोन्ही बाजूंचा हिशेब जुळतो. नाही जुळला तर तक्रार करताना तो क्रमांकच कामाला येतो, 'सर, पैसे गेले' हे वाक्य नाही.

इथवर सगळ्यांसाठी सारखं होतं. आता जे सांगतो ते आपल्या घरांत जरा जास्तच आहे: नाव.

शेख हे आडनाव इंग्रजीत किती प्रकारे लिहितात? कुणी एस-एच-ए-आय-के-एच लिहितो, कुणी त्यात ए-आय ऐवजी ई-आय घालतो, कुणी नुसता ई. एकाच घरात अब्बांच्या कागदावर एक, मुलाच्या दुसरं. मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे 'मोहं', कुठे गायब. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर स्वतःचं नाव आधी. आईचं नाव एका कागदावर 'बी', दुसऱ्यावर 'बेगम'. माणसाला हे कळतं. क्लार्क चष्म्यावरून तुमच्याकडे बघतो आणि म्हणतो, असू दे, तीच दिसतेय. यंत्र तसं बघत नाही. ते अक्षराला अक्षर लावून बघतं, आणि एक जागा जास्तीची सुटली तरी नाव वेगळं.

देवनागरीत तर याहून मजा आहे. नाजिया, नाझिया आणि नुक्ता दिलेली नाज़िया, ही यंत्रासाठी तीन माणसं आहेत. त्यातही नुक्त्याचा 'ज़' युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो, एका खुणेत किंवा 'ज' आणि नुक्ता अशा दोन खुणांत. डोळ्याला तसूभर फरक दिसणार नाही, साध्या तुलनेत मात्र जुळणार नाही. इंग्रजीवरून आपोआप मराठी करणाऱ्या सोयीने किती तरी शेख 'शैख' होऊन बसलेत. म्हणून मराठी नाव आपोआप आलं तरी वाचा, आणि दुसरीकडून उचलून चिकटवण्याऐवजी स्वतः टाइप करा. मराठी टायपिंग येत नाही असं आता कुणी म्हणू नये. फोनवर जीबोर्डमध्ये बोलूनही लिहिता येतं. कुणी श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये टाइप करून दिलेला मजकूर फॉर्मात चिकटवला की अगम्य चिन्हं उमटतात, कारण त्या जुन्या फॉन्टमध्ये आतून इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त वरचा बुरखा देवनागरीचा. फॉर्मला युनिकोड लागतं. उर्दू शाळेतून आलेल्यांना इनपेजच्या फाइलींचं हेच दुखणं माहीत असेल.

उपाय एकच आहे आणि तो कंटाळवाणा आहे. आज घरी गेल्यावर एक तक्ता करा. लिब्रेऑफिसमध्ये करा नाहीतर वहीत. आडव्या ओळीत घरातली माणसं, उभ्या रकान्यात कागद: शाळा सोडल्याचा दाखला, मार्कशीट, आधार, पॅन, बँकेचं पासबुक, रेशन कार्ड. प्रत्येक ठिकाणी नाव आणि जन्मतारीख जशी आहे तशीच उतरवा, सुधारून नाही. कुठे काय जुळत नाही ते अर्ध्या तासात दिसेल. मग दहावीच्या मार्कशीटवरचं नाव पक्कं धरा आणि बाकीचे कागद तिकडे आणा. घाई मात्र करू नका, आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. नाव पूर्णच बदलायचं असेल तर राज्याच्या राजपत्रात प्रसिद्ध करावं लागतं, त्याचा अर्जही ऑनलाइन आहे.

बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी अशा घरांतल्या मुलांनी हा तक्ता आजोबांपर्यंत न्यावा. महाराष्ट्रात ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा विचारतात, आणि तिथेच आपली गाडी अडते. आजोबांच्या शाळेच्या नोंदीत जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं, व्यवसायाने बागवान असलेल्या माणसाचं आडनाव शेख झालेलं असतं. अशा वेळी चुलत आजोबांची नोंद, जुना खरेदीखताचा कागद, जन्म-मृत्यूची नोंद, काहीही कामाला येऊ शकतं. जो कागद मिळेल त्याचा दिवसाच्या उजेडात, सपाट ठेवून, सावली न पाडता फोटो काढा. गूगल ड्राइव्हमध्ये स्कॅन करायची सोय आहे, तीच वापरा, वेगळं अ‍ॅप नको. फाइलला नाव द्या: वर्ष, कागद, माणूस. 'आयएमजी २०२४' नावाची फाइल ऐन वेळी सापडत नाही. आणि मूळ कागद लॅमिनेट करू नका.

दहावीची मार्कशीट, आधार वगैरे डिजिलॉकरमध्ये मिळतात, आणि तिथून थेट आलेला कागद कायद्याने मूळ कागदाइतकाच धरला जातो. फोटो काढून तुम्ही स्वतः तिथे चढवलेला कागद मात्र तसा नसतो, हा फरक लक्षात ठेवा.

आपल्या तालुक्यातून द्राक्षं युरोपात जातात. ज्यांच्या घरी बाग आहे किंवा जे पॅकहाउसला जातात त्यांना ग्रेपनेट माहीत असेल. अपेडाने २००६ च्या सुमारास सुरू केलेली ही यंत्रणा. प्रत्येक प्लॉटची नोंद, प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाउस, कंटेनर, सगळी साखळी त्यात. तिकडच्या दुकानातल्या पेटीवरून ती कोणत्या प्लॉटची हे शोधता येतं. २०१० साली क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे तिकडे आपली द्राक्षं अडली, तेव्हा माग काढण्याची किंमत इथल्या शेतकऱ्याला चांगलीच कळली. द्राक्षाच्या पेटीचा माग आपण ठेवतो. आधारच्या झेरॉक्सचा ठेवतो का? किती दुकानांत, किती फोनमध्ये पडल्यात?

प्रिंट काढायला आपण आधारची फाइल दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. ती त्याच्या फोनवर राहते, त्याच्या संगणकावरही राहते. जमेल तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. कागदी प्रतीवर आडवी सही करून 'फक्त अमुक कामासाठी' आणि तारीख लिहा. कॅफेतून उठताना डाउनलोडचं फोल्डर आणि रिसायकल बिन रिकामं करा, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये जाऊन तो संगणक काढून टाका. हे न केल्यामुळे एखाद्या मुलीचे घरचे फोटो तिसऱ्याच माणसासमोर उघडे राहतात, आणि मग घरून तिचा फोनच काढून घेतला जातो. गुन्हा एकाचा, शिक्षा दुसरीला.

लग्नाची पत्रिका, चलान, बँकेची केवायसी अशा नावाने एपीके फाइल आली तर उघडायची नाही, पाठवणारा सख्खा चुलता असला तरी. त्याचा फोन आधीच गेलेला असू शकतो. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त.

सवयींबद्दल थोडंसंच. चूक दाखवणारा संदेश आला की तो पूर्ण वाचा. पाच सेकंद लागतात, आणि बरेचदा उत्तर त्यातच असतं: 'फाइल मोठी आहे', 'तारीख चुकीची आहे'. मदत मागताना 'होत नाही' एवढंच लिहू नका. कोणती साइट, काय दाबलं, काय उमटलं आणि स्क्रीनशॉट, एवढं पाठवा; आकडे झाकून. असा प्रश्न आला की मी कामातून उठूनही उत्तर देतो. आणि घरात सगळ्यात आधी अम्मीला तिचा स्वतःचा ईमेल काढून द्या, पासवर्ड तिलाच ठरवू द्या.

शेवटचं एक काम इथेच करू. सरकारी शिष्यवृत्तीचे पैसे फॉर्मात लिहिलेल्या खात्यात जातील असं धरून चालू नका. थेट लाभाची रक्कम आधारला जोडलेल्या खात्यात जाते, आणि दोन-तीन बँकांत जोडणी झाली असेल तर सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात. कुणी तरी मेळाव्यात टेबल टाकून तुमचं नवं खातं उघडून दिलं असेल, तर पैसे तिथे जाऊन बसलेले असू शकतात. फोन काढा, आधारच्या अधिकृत साइटवर लॉगिन करा आणि 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. बँकेचं नाव ओळखीचं नसेल किंवा स्टेटस 'इनअ‍ॅक्टिव्ह' दिसत असेल, तर खिडकीजवळच्या टेबलावर या. मी दोन लॅपटॉप आणलेत, चहा तिथेच मागवू.